धारवे व तुंबे, स्पोर्ट्‌स मोटारींच्या मागील चाकांचे

चाकाच्या मध्यभागी असलेल्या आणि ज्यावर चाक बोल्टांनी घट्ट बसविले जाते त्या भागास तुंबा म्हणतात. फिरणारा तुंबा आणि गाडीचा न फिरणारा सांगाडा यांच्यामध्ये राहून गाडीचे वजन पेलणारा व चाकाला कमीत कमी घर्षणाने फिरू देणारा भाग म्हणजे धारवा होय. व्यवहारात तो बेअरिंग या नावाने ओळखला जातो. स्पोर्ट्‌स मोटारीच्या मागील धारव्यांवर गाडीचे वजन आणि वेगाने घेतलेल्या वळणावर येणारा बाजूचा रेटा हे दोन्ही भार पडतात. शिवाय अशा बहुतेक गाड्यांत एंजिनाची शक्ती मागील चाकांना दिली जात असल्याने चाक फिरविणारा पीळही तुंब्यातूनच जातो. त्यामुळे हे भाग झिजले म्हणजे प्रश्न केवळ आवाजाचा राहत नाही. चाक गाडीशी नीट जोडलेले राहण्याचा होतो. या भागांचा इतिहास हा एका अर्थाने अचूकपणाच्या जबाबदारीचा इतिहास आहे. प्रारंभी ती गाडी राखणाऱ्या कारागिराच्या हाती होती. पुढे ती क्रमाक्रमाने कारखान्याकडे गेली.

पूर्वेतिहास : तुंबा हा शब्द मराठीत बैलगाडीच्या चाकावरून आला. बैलगाडीच्या तुंब्यात आस सरळ घासत फिरतो व वंगण हाच त्याचा आधार असतो. घसरण्याऐवजी लोळण्याने घर्षण पुष्कळ कमी होते, ही कल्पना प्राचीन आहे. इटलीतील नेमी सरोवरातून १९२९–३२ या काळात बाहेर काढलेल्या, रोमन सम्राट कॅलिग्यूला याच्या काळातील जहाजांवर फिरत्या चौथऱ्याखाली गोळ्यांची योजना आढळली. लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) यांच्या माद्रिद येथील हस्तलिखितात गोळ्यांच्या धारव्यांची रेखाटने आहेत. इंग्लंडमधील घड्याळकर्ते जॉन हॅरिसन (१६९३–१७७६) यांनी आपल्या तिसऱ्या सागरी कालमापकात पिंजऱ्यात बसविलेल्या रुळांचा धारवा वापरला.

चाकाच्या तुंब्याशी प्रत्यक्ष संबंध असलेले महत्त्वाचे पाऊल वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी उचलले. इ. स. १७९४ मध्ये त्यांनी घोडागाडीच्या आसासाठी एकस्व मिळविले. आसावरील व तुंब्याच्या आतील समोरासमोरच्या खाचांत लोखंडी गोळ्या भरून वरचे भोक बुचाने बंद करावयाचे, अशी ही रचना होती. आजच्या खोल खाचेच्या गोळी धारव्याचे तत्त्व तिच्यात स्पष्ट दिसते. परंतु एकाच मापाच्या कठीण व गोल गोळ्या करण्याचे तंत्र त्या काळी उपलब्ध नव्हते.

ही उणीव सायकलीमुळे भरून निघाली. पॅरिसमधील सायकल कारागीर झ्यूल स्यूरिरे यांनी १८६९ साली गोळी धारव्याचे एकस्व घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेली पॅरिस–रूआन शर्यत जेम्स मूर यांनी असे धारवे बसविलेल्या सायकलीवर जिंकली. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिख फिशर (१८४९–९९) यांनी १८८३ मध्ये पोलादी गोळ्या घासून एकसारख्या करणारे यंत्र तयार केले आणि गोळी धारव्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन शक्य झाले.

निमुळते रूळ : गोळी खाचेला जवळजवळ एका बिंदूत टेकते, रूळ एका रेषेत टेकतो. त्यामुळे त्याच आकारमानात रूळ अधिक भार पेलतो. पण सरळ रुळाला बाजूचा रेटा सोसत नाही. अमेरिकेतील सेंट लूइस येथील घोडागाड्यांचे निर्माते हेन्‍री टिम्केन (१८३१–१९०९) यांनी रेजिनल्ड हाइन्‌झेलमन यांच्याबरोबर १८९८ मध्ये निमुळत्या रुळांच्या धारव्याचे एकस्व मिळविले. रूळ व कडी शंकूच्या आकाराची केल्याने वजन आणि बाजूचा रेटा असे दोन्ही भार एकच धारवा घेऊ लागला. असे दोन धारवे परस्परविरुद्ध दिशांनी तुंब्यात बसविण्याची पद्धत मोटारगाडीने लवकरच स्वीकारली व ती अनेक दशके टिकली. या पद्धतीत दोन्ही धारव्यांतील मोकळीक प्रत्येक गाडीवर हाताने ठरवावी लागे. कारागिराचे कौशल्य नेमके येथे लागत असे.

शिणवट्याचे विज्ञान : हाइन्‍रिख हेर्ट्‌झ (१८५७–९४) यांनी १८८१–८२ च्या सुमारास वक्र पृष्ठे एकमेकांवर दाबली असता निर्माण होणाऱ्या प्रतिबलांचा सिद्धांत मांडला. उत्तम वंगण मिळालेल्या धारव्यालाही अखेर मर्यादित आयुष्य असते. प्रत्येक फेरीला कड्याचा तोच भाग दाबला जाऊन मोकळा होतो, पृष्ठाखाली सूक्ष्म तडे जातात आणि शेवटी धातूचे पापुद्रे सुटतात. यास शिणवटा म्हणतात. स्वीडनमधील आर्व्हिड पाल्मग्रेन (१८९०–१९७१) यांनी १९२४ मध्ये, आणि गुस्ताव्ह लुंडबेर्ग यांच्यासमवेत १९४७ मध्ये, या आयुष्याचे गणित मांडले. धारव्यांच्या मोठ्या गटातील ९० टक्के धारवे जितक्या फेऱ्या पूर्ण करतात ते त्या गटाचे मूलभूत आयुष्य मानतात. गोळी धारव्यात ते भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश होते. रूळ धारव्यात ते सुमारे एक दशांशावर येते. तीव्र वळणांवर पळविलेल्या गाडीचे धारवे लवकर का झिजतात, याचे उत्तर या नियमात आहे.

स्वतंत्र निलंबन व मागील तुंबा : जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींत मागील दोन्ही चाके एकाच ताठ आसाने जोडलेली असत. त्यांपैकी ज्या प्रकारात चाक फिरविणारा दांडाच गाडीचे वजनही पेलतो, तेथे दांडा मोडल्यास चाक निखळण्याचा धोका असतो. १९६० च्या दशकात प्रत्येक मागील चाकाला स्वतंत्र निलंबन देण्याची पद्धत अनेक प्रसिद्ध स्पोर्ट्‌स मोटारींत आली. १९६१ मध्ये जिनीव्हा येथे प्रथम दाखविलेल्या ब्रिटिश जॅग्वार ई-टाइप गाडीत चाक फिरविणारा दांडा हाच निलंबनाची वरची भुजाही होता. दोन निमुळते रूळ धारवे ॲल्युमिनियमाच्या ओतीव वाहकात बसविलेले असत. वाहकाला वंगण भरण्यासाठी भोक ठेवले होते, त्यामुळे तुंबा न उघडता त्याची निगा राखता येई.

अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट या गाडीला १९६३ च्या आवृत्तीत स्वतंत्र मागील निलंबन मिळाले. तिच्याही प्रत्येक मागील चाकाला दोन निमुळते रूळ धारवे होते. मात्र बाहेरून वंगण भरण्याची सोय नव्हती. तुंब्याचा दांडा बाहेरील धारव्यात घट्ट बसत असल्याने तो काढण्यास खास दाबयंत्र लागे. मोकळीक ०·०२५ ते ०·२० मिमी. या मर्यादेत ठेवावयाची असे. त्यासाठी दोन धारव्यांमध्ये नळी व शिम नावाच्या पातळ कड्या घालून जुळणी करावयाची, डायल गेजने मोजावयाचे, पुन्हा सुटे करून कडी बदलावयाची, असा क्रम होता. मोकळीक कमी राहिली तर धारवा तापून जळे. जास्त राहिली तर चाक डगमगे. १९६५ पासून या गाडीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक आले. तेव्हापासून तुंब्याबरोबर ब्रेकची चकती डगमगली की ब्रेकचे दट्टे मागेपुढे हलून द्रवात हवा शिरे. धारव्याचा दोष अशा रीतीने ब्रेकचा दोष होऊन प्रकटे. काम किचकट असल्याने ते पुष्कळदा टाळले जाई आणि वंगण वाळल्यावरच धारव्याची आठवण होई.

बंदिस्त एकके : यावर निघालेला उपाय म्हणजे कायमचे वंगण भरून व दोन्ही बाजूंनी सील लावून कारखान्यातच मोकळीक ठरविलेला बंदिस्त धारवा. त्याच्या एका प्रकारात तुंबा, धारवा व बोल्टांनी जोडावयाचा पाया मिळून एकच एकक असते. १९८४ च्या आवृत्तीपासून कॉर्व्हेटमध्ये अशी एकके आली आणि शिमांची जुळणी संपली. दुसऱ्या प्रकारात गोळ्यांच्या दोन ओळी असलेला धारवा वाहकात दाबून बसवितात व त्यात तुंबा दाबतात. १९८९ मध्ये आलेल्या जपानी माझदा एमएक्स-५ या गाडीत मागील चाकांना असा दाबून बसविलेला धारवा होता.

झीज ओळखणे व बदल : झिजलेला धारवा वेगाबरोबर वाढणाऱ्या घरघरीने ओळखू येतो. डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढल्यास दोष बहुधा उजव्या बाजूस असतो. चाक उचलून वर व खाली धरून हलविल्यास मोकळीक हाताला जाणवते.

दाबून बसविलेल्या प्रकारात तुंबा ओढून काढताना धारव्याच्या आतील कड्याचा बाहेरील अर्धा भाग बहुधा तुंब्यावरच अडकून येतो. तो छिन्नीने किंवा घासून काढताना तुंब्याला चरे पडू शकतात. कडे सैल होऊन तुंब्यावर फिरले असेल, तर तुंब्याचा व्यासही कमी झालेला असतो व नवे कडे त्यावर घट्ट बसत नाही. म्हणूनच झिजलेल्या धारव्याबरोबर तुंबाही तपासतात व गरजेनुसार बदलतात. नवा धारवा वाहकात दाबताना जोर फक्त बाहेरील कड्यावर द्यावा लागतो आणि तुंबा दाबताना आतील कड्याला आधार द्यावा लागतो. जोर गोळ्यांतून गेला किंवा हातोडा वापरला, तर कड्यावर खळगे उमटतात आणि नवा धारवा पहिल्याच दिवशी जुना होतो. पुढे ज्या गाड्यांत चाकाचा वेग मोजणारे चुंबकीय कडे धारव्याच्या सीलमध्येच आले, त्यांत धारवा उलटा बसल्यास ब्रेकची इलेक्ट्रॉनिक योजनाही निकामी होते. मधला नट ठरावीक पिळाने आवळल्यावरच आतील कड्याचे दोन्ही अर्ध योग्य दाबाने एकत्र येतात. त्याआधी गाडी चाकांवर ढकलणेही धोक्याचे असते.

बंदिस्त धारव्याने नियमित निगा अनावश्यक केली. परंतु तो दुरुस्त होत नाही, केवळ बदलला जातो. मोकळीक साधण्याचे कौशल्य कारखान्यात गेले, तरी दोष वेळीच ऐकणे आणि नवा भाग इजा न करता बसविणे ही दोन कामे कारागिराकडेच राहिली आहेत. मागील चाकाची सुरक्षितता अजूनही त्यांवर अवलंबून आहे.