फिरस्ता रिलीव्हर : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

ऑक्टाव्हिओ डोटेल १९९९ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळला आणि तेवढ्यात त्याने १३ संघांचे गणवेश घातले. सगळ्या लीगमध्ये संघच मुळात ३०. एप्रिल २०१२मध्ये तो डेट्रॉइटकडून उतरला तेव्हा हा विक्रम झाला. असल्या विक्रमाकडे गंमत म्हणून पाहण्याचा मोह होतो. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने तो पहिल्याच दिवशी आवरावा. ज्याला इतक्या संघांनी सोडले, त्याला तितक्याच संघांनी आधी घेतलेले असते. का घेतले, हा प्रश्न का सोडले यापेक्षा कितीतरी अधिक शिकवतो.

डोटेल मुख्यतः रिलीव्हर होता. रिलीव्हर म्हणजे सामना सुरू झाल्यावर दुसऱ्याच्या जागी येणारा पिचर. क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकांसाठी राखून ठेवलेला गोलंदाज आपल्या ओळखीचा असतो. पण त्याला मधेच थांबवून पुन्हा चेंडू देता येतो. बेसबॉलमध्ये बदलून बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परतत नाही. म्हणून बुलपेनमधला, म्हणजे मैदानाच्या कडेला हात गरम करत बसलेला, प्रत्येक पिचर व्यवस्थापकाला एकदाच खर्च करता येतो. डोटेलने ७५८ सामन्यांत मिळून ९५१ इनिंग टाकल्या. सामन्याला सरासरी सव्वा इनिंग. एवढ्याशा कामावर पंधरा हंगामांची कारकीर्द उभी आहे.

हे काम मोजायचे कसे, यावर भल्याभल्यांची दमछाक झाली आहे. मैदानावर आधीच्या पिचरने सोडलेले रनर रिलीव्हरच्या चेंडूवर घरी पोचले, तर त्या धावा आधीच्याच्या खात्यात जातात. संकटात येऊन तिघांना घरी जाऊ देणाऱ्याची सरासरी स्वच्छ राहते आणि तेच संकट निभावणाऱ्याच्या नावावरही काही वेगळे लिहिले जात नाही. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी पुढे आणलेला ‘सेव्ह’ १९६९मध्ये अधिकृत झाला आणि आघाडी टिकवून सामना संपवणाऱ्याला श्रेय मिळू लागले. परिणाम मजेशीर झाला. सेव्ह मिळवणारा क्लोजर श्रीमंत झाला, आणि सातव्या-आठव्या इनिंगमध्ये सामना वाचवणारा पुन्हा अंधारातच राहिला. मोजमाप कामाचे वर्णन करते, हे खरेच. पण इथे त्याने कामाची वाटणीच बदलून टाकली.

११ जून २००३चा सामना मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देतो. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर ह्यूस्टनचा सुरुवातीचा पिचर रॉय ओसवाल्ट दुसऱ्या इनिंगमध्येच दुखापतीने बाहेर पडला. मग पाच रिलीव्हर एकामागून एक आले आणि सहा जणांनी मिळून यांकीजना एकही हिट घेऊ दिली नाही. आठव्या इनिंगमध्ये डोटेलने तिघांऐवजी चार जणांना स्ट्राइकआउट केले, कारण त्यांतला एक स्ट्राइकआउट होऊनही चेंडू निसटल्यामुळे बेसवर पोचला होता. यांकीजवर अशी वेळ त्याआधी आली होती ती सप्टेंबर १९५८मध्ये, आणि ती आणणारा होता हॉइट विल्हेल्म. हाही मुळात रिलीव्हरच. त्या दिवशी सुरुवात करायला त्याला पाठवले होते एवढेच. नऊ संघ फिरून, पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत खेळून १९८५मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला रिलीव्हर.

माझ्या मते या क्षेत्राचे मूळ साधन धावफलक नव्हे, व्यवहारांची नोंदवही आहे. डोटेलच्या बारा स्थलांतरांपैकी सहा संघांनी आपसांत केलेल्या अदलाबदली होत्या, आणि सहा त्याने स्वतः सही केलेले करार. त्या अदलाबदलींतही तीन जुलैच्या शेवटच्या आठवड्यातल्या: २००७, २०१० आणि २०११. तेव्हा बाजाराची मुदत संपत असते आणि विजेतेपदाच्या शर्यतीतले संघ बुलपेनसाठी तरुण खेळाडू देऊन टाकतात. नोंदवही अशी वाचली की फिरस्तेपणाला ऋतू असतो हे दिसते.

या नोंदींमागे कायदा आहे. डिसेंबर १९७५मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय देईपर्यंत खेळाडू तहहयात एका संघाला बांधलेला असे; तो हलायचा तो संघाने दुसऱ्याला दिला किंवा सोडला तरच. आता सहा वर्षांच्या सेवेनंतर तो मोकळा होतो. त्याआधी तीन हंगामांपर्यंत संघ त्याला खालच्या लीगमध्ये पाठवू शकतो. ती मुभा संपली की खाली धाडण्यापूर्वी इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगण्याची संधी द्यावी लागते. पंचविशीतले कितीतरी रिलीव्हर नेमके याच वळणावर गाव बदलतात, त्यांचा हात बरा असो वा वाईट. सेवाही दिवसांत मोजतात: १७२ दिवस म्हणजे पूर्ण वर्ष, ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क. बेचाळिसाव्या दिवशी खाली पाठवलेल्या माणसाचा विचार केल्याशिवाय कोणी या विषयावर लिहू नये.

संघांच्या मोजणीतही काळजी हवी. २७ जुलै २०११ला पिचर एडविन जॅक्सन शिकागोहून टोरंटोला गेला आणि त्याच दिवशी तिथून सेंट लुईसला. त्या दुसऱ्या व्यवहारात डोटेलही होता. दोघांनी त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. काही तास टोरंटोचा असलेला जॅक्सन तेव्हा त्यांच्याकडून एक चेंडूही टाकू शकला नाही, म्हणून तो संघ त्याच्या यादीत आला नाही. आला तो २०१९मध्ये, चौदावा म्हणून, आणि डोटेलचा विक्रम मोडला तो तिथेच. २०२५मध्ये पिचर रिच हिलने कॅन्सस सिटीकडून खेळून जॅक्सनची बरोबरी केली.

नोंदवहीत आवाज नसतो, तो शोधावा लागतो. जिम ब्रॉस्नन या रिलीव्हरने १९५९च्या हंगामाची रोजनिशी लिहिली. त्याच हंगामात त्याला सेंट लुईसने सिनसिनाटीला देऊन टाकले, त्यामुळे विकला जाणारा माणूस तो दिवस कसा काढतो ते आतून वाचायला मिळते. जिम बाउटन या पिचरचे १९७०चे पुस्तक अधिक गाजले, पण मला ब्रॉस्नन जवळचा वाटतो. तो विनोद करताना ओरडत नाही. मात्र हे दोघेही इंग्रजीत लिहिणारे अमेरिकन. आजच्या बुलपेनमध्ये डोमिनिकन आणि व्हेनेझुएलन पिचर मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या आठवणी स्पॅनिशमध्ये, बऱ्याचशा न लिहिलेल्या. डोटेल स्वतः एप्रिल २०२५मध्ये सांतो डोमिंगोतल्या नाइटक्लबचे छत कोसळून गेला. मुलाखतींचे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही.

तेव्हा स्पॅनिश येणाऱ्यांनी यावे, कामगार कायदा शिकलेल्यांनी यावे. शरीरशास्त्राच्या माणसांची तर वाटच पाहतो आहोत: १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरावर केलेली शस्त्रक्रिया डोटेलवरही २००५मध्ये झाली, आणि त्यानंतर तो आणखी आठ हंगाम टिकला. बेसबॉल पाहिलेला नसला तरी अडणार नाही. एक ताजा प्रश्न तर अजून पुरता हाताळलेलाच नाही. २०२०पासून रिलीव्हरला, इनिंग संपली नाही तर, किमान तीन बॅटरांना सामोरे जावे लागते. त्याआधी एकाच डावखुऱ्या बॅटरसाठी येऊन परत जाण्यावर कितीतरी डावखुऱ्या पिचरांचे पोट चालत होते. ते सगळे कुठे गेले, याची यादी कोणीतरी करायला घ्यावी.