आधी हत्यारे, मग महासंगणक

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथल्या तीन परम रुद्र महासंगणकांचे लोकार्पण झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. पुण्याचा खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीवर काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांसाठी, दिल्लीचा पदार्थविज्ञान आणि अणुभौतिकीसाठी, कोलकात्याचा भौतिकी आणि विश्वरचनाशास्त्रासाठी. तिन्ही कामे मोलाची आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अशा प्रत्येक लोकार्पणानंतर हमखास ऐकू येणाऱ्या एका मताबद्दल. ते मत म्हणते, यंत्रे येऊ द्या, वेग वाढू द्या, उद्योग आपोआप मागून येतील. हेच मत वर्ध्यासारख्या जिल्ह्यात पोहोचले की त्याला शेपूट फुटते: तसेही तुमच्या जिनिंगला नि डाळमिलला महासंगणक कशाला हवा?

डोके म्हणते मागणी येईलच, शेपूट म्हणते मागणी नाहीच. दोन्ही एका तोंडून निघतात, आणि दोन्ही चूक आहेत.

पूर्वपक्ष मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण त्याच्या पाठीशी इतिहास आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने आपल्याला हवा तो क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. पूर्वपक्ष म्हणतो, त्या वेळी कुणी ‘आधी सॉफ्टवेअर’ म्हणत बसले असते तर परम झालाच नसता. २००७ च्या नोव्हेंबरात टाटांच्या पुण्यातल्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एक’ हा महासंगणक ११७.९ टेराफ्लॉप्सच्या वेगाने जगात चौथा आला. तोही सरकारी पैशाशिवाय. म्हणजे उद्योग येतात. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या ४,५०० कोटींच्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेने हीच वाट रुंद केली आहे. मग अडते कुठे?

अडते ते या दोन उदाहरणांच्या आतच. परम ८००० ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर बांधला होता. एका चिपला चार दुवे, त्यांनी शेजारच्या चिपांशी बोलायचे. हे बोलणे सांभाळण्यासाठी सी-डॅकने ‘परास’ नावाचे प्रोग्रॅमिंगचे वातावरण लिहिले. लोकांच्या लक्षात परम राहिला, परास नाही; पण परासशिवाय परम म्हणजे एका पेटीत भरलेल्या चिपा. पुढे ट्रान्सप्युटरची पुढची पिढी वेळेवर आली नाही. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० प्रोसेसर घ्यावा लागला, परम ९००० मध्ये स्पार्क. यंत्राची जात बदलली की त्या जातीला बांधून लिहिलेला कोड उकलून पुन्हा शिवावा लागतो. संशोधन संस्थेत त्यासाठी विद्यार्थी असतात. कारखान्यात कोण असतो? कारखानदाराने त्या काळी हात आखडता घेतला असेल तर ते मागासलेपण नव्हते. दर चार वर्षांनी नवे जुळवून घ्यावे लागेल अशा गोष्टीत तो पैसा घालत नाही, आणि घालू नये. हे दुखणे काही प्रमाणात बरे केले ते १९९४ मध्ये ठरलेल्या एमपीआय या मानकाने, म्हणजे समांतर चालणाऱ्या प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसे पाठवावेत याच्या ठरीव रीतीने. त्यानंतर लिहिलेला कोड बऱ्याच अंशी एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागला. लक्षात घ्या, ही सुधारणा कुठल्याही चिपमध्ये झाली नव्हती.

‘एक’चे उदाहरण तर पूर्वपक्षावरच उलटते. टाटांच्या घरात सॉफ्टवेअरची माणसे होती, अभियांत्रिकीची होती, गाड्यांची गणिते मागणारा कारखाना होता. यंत्र आले तेव्हा त्याच्याभोवतीचे हात तयार होते. २०१२ मध्ये ती प्रयोगशाळा टीसीएसमध्ये सामावली गेली. क्रमवारीतला चौथा नंबर त्याच्या कितीतरी आधी गेला होता, कारण अशा क्रमवारीत नंबर जायचेच असतात. सामावून घेण्याजोगे जे उरले ते मुख्यतः माणसांचे कसब आणि सेवा. टाटांना जे जमले ते देवळीच्या एमआयडीसीतल्या वीस कामगारांच्या युनिटला जमेल असे त्यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की तयार हात असले तर यंत्र कामी येते.

जगात याची उलटी तपासणीही झाली आहे. १९९४ ते १९९६ या काळात युरोपीय आयोगाच्या मदतीने ‘युरोपोर्ट’ नावाचा उपक्रम चालला. त्याचे मुख्य काम यंत्रे विकत घेणे नव्हते. कारखाने आधीच वापरत असलेली ३८ सॉफ्टवेअर समांतर यंत्रांवर चालतील अशी करून देणे, एवढेच. त्यांत गाडीच्या टकरीचे गणित करणारे पॅम-क्रॅश होते, हवेच्या नि पाण्याच्या प्रवाहाचे स्टार-सीडी होते. मोटार कंपनीतल्या अभियंत्याला नवी भाषा शिकावी लागली नाही. त्याच्या हातातलेच हत्यार अधिक प्रोसेसरांवर चालू लागले. हा क्रम आपल्याकडे उलटा लावला जातो.

आता शेपटाकडे वळू. जिनिंगला महासंगणक कशाला?

हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगमध्ये जा. डबल रोलर यंत्रात चामड्याच्या रोलरला कापसाचा तंतू चिकटतो, स्थिर पाते सरकीला अडवते, हलते पाते तिला झटकून टाकते. हा भाग लोक पाहतात. जो पाहत नाहीत तो म्हणजे हवा. गंजीवरचा कापूस यंत्रापर्यंत नळीतून ओढला जातो, धूळ नि काडीकचरा सायक्लोनमध्ये गोल फिरवून खाली पाडला जातो. नळीचा कोपरा किती गोल ठेवायचा, कुठे कापूस अडकून गुंता होईल, सायक्लोनचा घेर किती, पंख्याला किती अश्वशक्ती, हे सगळे आज फॅब्रिकेशनवाला मागच्या कामाच्या अनुभवाने ठरवतो. अनुभव खोटा नसतो. पण आकार बदलला की तो अंदाज बनतो, आणि चुकलेला अंदाज पंख्याच्या वीजबिलात वर्षानुवर्षे भरावा लागतो. शिवाय तुंबलेला कोरडा कापूस आणि घर्षण एकत्र आले की काय होते, हे जिनिंगवाल्याला सांगावे लागत नाही.

हे प्रवाहाचे गणित आहे. नळीच्या आतली जागा लाखो बारीक खणांत तोडायची आणि प्रत्येक खणात हवेचा वेग नि दाब काढायचा. एकाच आकाराचे गणित असेल तर चांगला लॅपटॉप दोन-चार दिवसांत करील. पण अभियंत्याला एक आकार नको असतो, दहा हवे असतात, आणि हंगाम सुरू होण्याआधी हवे असतात. तिथे ६४ कोअरचा क्लस्टर लागतो. भूगावच्या पोलाद कारखान्यातली भट्टी असो की साध्या ओतकामातला वितळलेल्या धातूचा प्रवाह, जात हीच. त्यामुळे ‘गरज नाही’ हे विधान गरज न मोजता केलेले आहे. सगळ्या युनिटांना लागेल असे मी म्हणत नाही. डाळमिलला बहुतेक लागणार नाही. यंत्रे बनवणाऱ्यांना लागेल.

मग तो अभियंता येत का नाही? त्याच्या पहिल्या दिवसाकडे जवळून बघा. ओपनफोम हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर त्याने घेतले, कारण विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये परवान्याचा खर्च वापरलेल्या कोअरच्या संख्येबरोबर चढतो. यंत्राचे तास स्वस्त, परवाना महाग, ही गोष्ट पेटाफ्लॉप्सच्या बातमीत कधी छापून येत नाही. त्याने आकृतीचे तुकडे ४८ केले आणि रांगेत टाकलेल्या जॉबच्या फायलीत कोअर ६४ लिहिले. रात्रभर जॉब रांगेत. सकाळी बघतो तर तो सुरू होताच मेलेला: प्रोसेसरचे फोल्डर ४८, प्रोसेसर ६४, जुळत नाहीत. चूक एका आकड्याची, गेला एक दिवस. दुसऱ्या दिवशी गणित चालले, पण ठरवून दिलेली वेळ संपली म्हणून शेड्यूलरने मध्येच मारले, आणि मधले उत्तर साठवायचे राहून गेले होते. तिसऱ्या दिवशी मालक विचारतो, काय झाले? तिथेच महासंगणनाचा औद्योगिक प्रसार थांबतो. तुकडे आणि कोअर आपोआप जुळवणारे, वेळ संपण्याआधी उत्तर साठवणारे, चूक झाली तर ती माणसाच्या भाषेत सांगणारे एक साधे पोर्टल त्याचे ते तीन दिवस वाचवते. अशी साधने आपल्याकडे लिहिलीच गेली नाहीत असे नाही. परम १०००० साठी संदेशवहनाचा ‘क्षिप्रा’ हा थर आणि क्लस्टरवर नजर ठेवणारे ‘पार्मॉन’ ही सी-डॅकमधलीच कामे आहेत. त्यांचे कौतुक झाले नाही, कारण त्यांचा वेग मोजता येत नाही.

आणखी वेगवान यंत्र दिले तर? इथे जीन अ‍ॅमडाल यांचे १९६७ चे गणित आडवे येते. कामाचा फक्त ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर ६४ प्रोसेसरांवर काम सुमारे १५ पट लवकर होते, १,००० प्रोसेसरांवर साडेएकोणीस पट, आणि कितीही लावले तरी २० च्या पुढे नाही. अंबर चरख्याच्या काळात हे खादीवाल्यांनी वेगळ्या भाषेत ओळखले होते. चरख्याला एकाऐवजी चार चात्या लावल्या, पण त्यांना पुरेल इतका नीट पेळू आला नाही तर त्या रिकाम्या फिरणार. म्हणून अंबरच्या संचात पिंजण्याचे यंत्र आणि बेलणी सोबत दिली गेली. (गुस्ताफसन यांनी १९८८ मध्ये दाखवले की काम मोठे करत नेले तर ही मर्यादा सैल होते. खरे आहे, पण जिनिंगची नळी मोठी करता येत नाही.) तो पाच टक्के भाग शोधून कमी करण्याचे काम प्रोफाइलर, डीबगर आणि चांगला कंपायलर करतात. नवा प्रोसेसर ते करीत नाही.

अलीकडचा आक्षेप असा, की आता समांतर कोड एआय लिहून देईल, साधनांचा प्रश्नच मिटला. कोड लिहिण्याचा प्रश्न थोडा हलका होईल हे मान्य. पण तेच बेरजेचे काम ४८ ऐवजी ६४ प्रोसेसरांत वाटले की बेरजेचा क्रम बदलतो, आणि संगणकाच्या दशांश गणितात क्रम बदलला की शेवटचे आकडे बदलतात. हा फरक निरुपद्रवी आहे की दोन प्रोसेसर एकाच जागेवर एकाच वेळी लिहीत आहेत, हे तपासायला साधन लागते आणि ते वापरणारा माणूस लागतो. भट्टीचे अस्तर या उत्तरावर ठरणार असेल, तर ‘कोडने सांगितले’ हे उत्तर चालत नाही.

परम शावकचे उदाहरणही दिले जाते. टेबलाशेजारी मावणारा महासंगणक महाविद्यालयांना नि लघुउद्योगांना दिला की झाले. त्याचा वेग २००३ मध्ये जगात १७१ वा आलेल्या परम पद्मच्या १ टेराफ्लॉपपेक्षा जास्त आहे. पण शावकसोबत सॉफ्टवेअर आधीच भरून येते. नुसते लोखंड पुरे नाही हे तो बनवणाऱ्यांनीच त्यातून मान्य केले. मी वेगळे काही म्हणत नाही.

वर्ध्यात हा वाद करताना कुणीतरी गांधीजींचे नाव घेतेच, आणि घ्यावेही. फक्त पूर्ण घ्यावे. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: किंमत १५० रुपयांच्या आत, खेड्यातल्या झोपडीत चालेल इतका हलका, बाईला फार श्रम न होता ८ तास चालवता यावा, त्या ८ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे, २० वर्षे टिकावा, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पण अटी कुणासाठी आहेत हे पहिल्या ओळीपासून स्पष्ट होते. सुताचा आकडा त्यात आहे, पण तो एकटा नाही. चालवणारी बाई, झोपडी आणि दुरुस्तीचे बिल त्याच्या बरोबरीने बसले आहेत. आपल्या महासंगणकांच्या कौतुकात फक्त वेगाचा आकडा उरला आहे.

म्हणून मागणी साधी आहे. मगनवाडीत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची एमगिरी ही ग्रामोद्योगाची संस्था आहे, सेवाग्राम आणि वर्ध्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, जिल्हा उद्योग केंद्र आहे. वर्ध्याला पेटाफ्लॉपचे यंत्र नको. पुण्यातले यंत्र वायरीवरून वापरता येते. हवे ते एवढेच: मराठीत चालणारे पोर्टल, मोकळ्या सॉफ्टवेअरची तपासून ठेवलेली प्रवाहाची नि ओतकामाची मांडणी, आणि एक-दोन पगारी अभियंते, जे युनिटमध्ये जाऊन पहिला जॉब शेजारी बसून चालवून देतील. पुढच्या कुठल्याही महासंगणकाच्या निविदेत अट घाला, की महासंगणक कधीही न पाहिलेला युनिटचा अभियंता दोन दिवसांत स्वतःचे पहिले उपयुक्त उत्तर काढू शकला पाहिजे, आणि ते दाखवून दिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.