गर्भाशयाचं अस्तर कसं वाढतं? हार्मोन, ग्रोथ फॅक्टर आणि रिसेप्टर सोप्या भाषेत

बीड जिल्ह्यात ‘पिशवी काढली’ म्हटलं की काय झालं ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे दर सहा जणींमागे एकीचं. देशात 15 ते 49 वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण साधारण 3 टक्के आहे. बहुतेकींची तक्रार साधी होती: अंगावर जास्त जातं, पोट दुखतं, पांढरं जातं. यातली ‘जास्त जातं’ ही तक्रार नेमकी कुठून येते, ते आज समजून घेऊ.

अस्तर म्हणजे काय?

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, तेच अस्तर. पाळी संपते तेव्हा तो साधारण 1 ते 4 मिलिमीटर जाड असतो आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कितीतरी पट वाढतो. गर्भ राहिला नाही तर वरचा भाग गळून पडतो. खालचा थर मात्र शिल्लक राहतो आणि त्यातूनच पुढच्या महिन्याचं अस्तर तयार होतं.

रिसेप्टर काय करतो?

मोबाईलवर कॉल यायचा तर टॉवर हवा आणि फोनही चालू हवा. शरीरात हार्मोन हा सिग्नल आणि रिसेप्टर हा तो पकडणारा फोन. पेशीवर रिसेप्टरच कमी असतील तर हार्मोन कितीही असलं तरी काम कमीच होतं.

पाळीनंतर अंडाशयातून इस्ट्रोजेन येतं. ते अस्तरातल्या पेशींना ‘वाढा’ असा हुकूम देतं, पण बरंचसं काम मध्यस्थांकडून करून घेतं. ग्रंथींभोवतीच्या आधारपेशी आयजीएफ-1 हा ग्रोथ फॅक्टर सोडतात आणि तो शेजारच्या पेशींच्या रिसेप्टरवर जाऊन बसतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं, की इस्ट्रोजेन दिल्यावर गर्भाशयात ईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचे रिसेप्टर वाढतात. म्हणजे हार्मोन सिग्नल तर पाठवतंच, शिवाय तो पकडणारे फोनही वाढवतं.

मग ब्रेक कोण लावतं?

प्रोजेस्टेरॉन. अंडं बाहेर पडल्यावर हे हार्मोन वाढतं आणि इस्ट्रोजेनचे रिसेप्टर कमी करतं. उंदरांवरच्या संशोधनातून 2011 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: प्रोजेस्टेरॉनमुळे आधारपेशींमध्ये हँड-2 नावाचं प्रथिन तयार होतं आणि ते एफजीएफ या ग्रोथ फॅक्टरांना आवर घालतं. वाढ थांबते, अस्तर गर्भासाठी तयार होतं.

एखाद्या महिन्यात अंडंच बाहेर पडलं नाही तर ब्रेक लागत नाही. अस्तर वाढतच राहतं आणि मग वेडंवाकडं, खूप दिवस अंगावर जातं.

याचा उपचाराशी काय संबंध?

इथंच खरा मुद्दा आहे. बिघाड सिग्नलचा असेल तर तो बहुतेक वेळा सिग्नलनेच सुधारता येतो. प्रोजेस्टेरॉनसारखं औषध गोळ्यांतून किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनातून देता येतं. रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी आहे. पांढरं जाणं तर पुष्कळदा संसर्गामुळे असतं. त्याला औषध लागतं, ऑपरेशन नाही.

कॅन्सर, मोठ्या गाठी किंवा औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल तर गर्भाशय काढावं लागू शकतं. पण सोबत अंडाशयही काढली तर इस्ट्रोजेन एकदम घटतं: अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. अंडाशय ठेवली तरी ती काहींमध्ये लवकर थकतात. आणि मोळी उचलणाऱ्या बाईला हाडं मजबूतच लागतात.

निर्णय फक्त शरीराचा नसतो

ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरतात. एक दिवस चुकला की खाडा पडतो, उचलीतून पैसे कापले जातात. फडावर ना संडास, ना पाण्याची सोय. अशा वेळी ‘एकदाची पिशवी काढून टाक’ हा सल्ला पटतो. 2019 मध्ये बीडच्या खासगी रुग्णालयांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे आदेश निघाले.

डॉक्टरांना हे विचारा

- सोनोग्राफीत नेमकं काय दिसलं?
- अस्तराचा तुकडा तपासायची गरज आहे का?
- आधी औषध देऊन बघता येईल का?
- अंडाशय ठेवणार की काढणार?

पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं तर मात्र वाट बघू नका, लगेच तपासून घ्या.