ही उष्णता जाते कुठं?

गेल्या उन्हाळ्यात मी माझा पहिला वॉटर-कूल्ड कॉम्प्युटर जोडला. त्यात तीन शनिवार-रविवार गेले. तिसऱ्या रविवारी रात्री टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरलं, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर अंथरला आणि फक्त पंप सुरू केला. मदरबोर्डला वीज दिली नव्हती. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी आणि काळी वायर एका क्लिपने जोडली की मदरबोर्डशिवायही पंप चालतो. असा २४ तास चालवून गळती तपासायची आणि मगच कॉम्प्युटर सुरू करायचा, ही या छंदातली रीत आहे.

चाळीस मिनिटांनी ग्राफिक्स कार्डाखालचा टिश्यू ओला झाला.

त्या कार्डाला माझा एका महिन्याहून जास्त पगार गेला होता. रात्रीचे अकरा वाजले होते. पंप बंद केला आणि लातूरला पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरमधल्या सबमर्सिबल मोटारी जळल्या की त्यांच्याकडे येतात. गेली तीस वर्षं ते हेच करतात.

"काय करायलास रे? कॉम्प्युटरात पाणी?" ते म्हणाले. मग चष्मा लावून त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "आतली रबरी रिंग बघ. पिळली असंल. पान्यानं आवळलास ना?"

पान्यानेच आवळलं होतं. जोड उघडला तर ओ-रिंग खाचेतून बाहेर येऊन पिळलेली. नवीन रिंग बसवली आणि या वेळी हातानेच घट्ट केलं. गळती थांबली. फोन ठेवायच्या आधी पप्पांनी विचारलं, "ते ठीक आहे. पण ही गरमी जाते कुठं?"

"बाहेर," मी म्हणालो.

"बाहेर म्हंजे कुठं?"

"खोलीत."

ते हसले. "मग पंखा लावून बस."

तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. कॉम्प्युटर थंड ठेवण्याचा इतिहास मी आधीही तुकड्यातुकड्यांनी वाचला होता. तो या प्रश्नाचं बोट धरून पुन्हा वाचला, तेव्हा तो वेगळाच दिसला.

आधी एक साधी गोष्ट. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होते. मिक्सरमध्ये निदान चटणी तरी वाटून होते. कॉम्प्युटरमध्ये मात्र गणित झाल्यावर हातात उरते ती फक्त गरम हवा. माझं मशीन पूर्ण जोरात चाललं की सुमारे ५०० वॅट खातं, म्हणजे पुण्यातल्या माझ्या वन बीएचकेमध्ये छोटा हीटर लावल्यासारखंच. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणून चिपवर तांब्याचा ब्लॉक बसवायचा, त्यातून पाणी फिरवायचं आणि ते रेडिएटरमध्ये नेऊन पंख्यांनी गार करायचं. उष्णता मोठ्या रेडिएटरवर पसरते, त्यामुळे पंखे हळू फिरले तरी चालतात आणि आवाज कमी होतो. पण खोलीत ३६ अंश असतील तर पाणी ३६ च्या खाली जाणार नाही. उष्णता नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते.

पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरपासून हेच चालू आहे. १९४६ मध्ये फिलाडेल्फियाला जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज खायचा. त्याला गार ठेवायला मोठाले ब्लोअर लावले होते. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक'मध्येही सुमारे २,७०० ट्यूब होत्या. आमच्या शाळेत कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागायचं आणि अख्ख्या शाळेत एसी तेवढ्या एकाच खोलीत होता. आम्हाला वाटायचं, कॉम्प्युटर म्हणजे देव आहे. खरं तर तो एसी ही जुन्या यंत्रांपासून चालत आलेली सवय होती.

ट्यूब गेल्या, ट्रान्झिस्टर आले, तेव्हा उष्णतेचा प्रश्न सुटला असं वाटायला हरकत नव्हती. पण ट्रान्झिस्टर लहान होते, म्हणून इंजिनिअरांनी ते अधिक दाटीने बसवले आणि उष्णता पुन्हा एका जागी गोळा झाली. १९६० च्या दशकात आयबीएमने सिस्टिम/३६० मालिकेतल्या मॉडेल ९१ मध्ये पाणी आणलं. १९८० साली जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ मध्ये तर कमालच केली होती. तळहाताएवढ्या सिरॅमिक पाटीवर शंभरहून अधिक चिप, प्रत्येक चिपवर स्प्रिंगने टेकलेला एक छोटा धातूचा दट्ट्या, मधल्या फटीत हेलियम वायू आणि या सगळ्यावर पाणी फिरणारी थंड प्लेट. असं एक मॉड्यूल सुमारे ३०० वॅट उष्णता बाहेर काढू शकायचं. आज माझं एकटं ग्राफिक्स कार्ड तेवढी उष्णता देतं.

सीमोर क्रेने वेगळा रस्ता धरला. त्याचं क्रे-१ हे यंत्र १९७६ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत बसलं. ११५ किलोवॅट वीज खाणाऱ्या त्या यंत्रात फ्रीऑन फिरायचा, म्हणजे तेव्हाच्या फ्रीजमध्ये असायचा त्याच कुळातला गॅस. पहिलं यंत्र तयार होताना महिनोन्‌महिने उशीर झाला तो गणितामुळे किंवा चिपमुळे नाही. फ्रीऑनबरोबर फिरणारं कॉम्प्रेसरचं तेल जोडांमधून झिरपायचं, बोर्डांवर साचायचं आणि शॉर्ट सर्किट व्हायचं. शेवटी वेल्डिंगची नवी पद्धत शोधावी लागली. जगातलं सर्वांत वेगवान यंत्र एका जोडाच्या गळतीने अडवून धरलं होतं. माझ्या ओल्या टिश्यूनंतर हे वाचून मला जरा बरं वाटलं. १९८५ च्या क्रे-२ मध्ये त्याने सगळे बोर्डच फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून टाकले.

मग पाणी गेलं. जुन्या बायपोलर चिपमधून वीज सतत वाहायची. सीमॉस तंत्रात ट्रान्झिस्टर चालू-बंद होतानाच मुख्यतः वीज लागते. १९९० च्या दशकाच्या मध्यात आयबीएमचे नवे मेनफ्रेम सीमॉसवर गेले आणि पुन्हा हवेवर चालू लागले. त्या काळात कॉम्प्युटरमध्ये पाणी कोणी ठेवलं असेल तर ते हौशी पोरांनी. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आला. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा चिप ४५० वर पळायचा. मग आणखी पळवायची खाज. बाजारात तयार सामान जवळपास नव्हतंच, म्हणून या पोरांनी माशांच्या टाकीचे पंप आणले, गाडीच्या हीटरचे रेडिएटर काढले आणि तांब्याचे ब्लॉक घरी कोरले. आज मी जे किट ऑनलाइन मागवलं, त्याचं मूळ त्या जुगाडात आहे.

त्या जुगाडाची एक खूण अजूनही शिल्लक आहे. मला एक बंद करायचा प्लग कमी पडला. तपकीर गल्लीत मिळाला नाही, म्हणून सहज एका प्लंबिंगच्या दुकानात आटे दाखवले. दुकानदार म्हणाला, "हे तर पाव इंची बीएसपी आहे." खरंच होतं. वॉटर कूलिंगच्या सामानावर लिहिलेलं 'जी पाव' म्हणजे ब्रिटिश पाइपचे आटे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं जे प्रमाण मांडलं, त्याच्याच घराण्यातले. दुकानदाराने प्लगबरोबर टेफ्लॉन टेपही पुढे केली. ती नको होती. हे आटे समांतर असतात, पाणी अडवतं ते रिंगमुळे. पप्पांना हे पुस्तक न वाचता माहीत होतं.

पाणी परत यायचं कारण साधारण २००४-०५ मध्ये घडलं. रॉबर्ट डेनार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागे उष्णता वाढत नाही. तीस वर्षं उद्योग या नियमावर जगला. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणायचं २००४ मध्ये रद्द केलं. त्याच वर्षी ॲपलने पॉवर मॅक जी५ च्या सर्वांत वेगवान मॉडेलमध्ये द्रव कूलिंग बसवलं. वेग वाढेना म्हणून कोअर वाढले, ग्राफिक्स कार्डं वाढली आणि आता एआयची यंत्रं आली आहेत. २००८ मध्ये आयबीएमच्या पॉवर ५७५ मध्ये पाणी पुन्हा थेट चिपजवळ पोचलं.

आपल्याकडेही हाच प्रवास दिसतो आणि त्याची सुरुवात पावसाशी जोडलेली आहे. हवामानाच्या अंदाजासाठी भारताने १९८० च्या दशकाच्या शेवटी दिल्लीत क्रे एक्स-एमपी आणला. त्याहून ताकदवान यंत्र द्यायला अमेरिका तयार नव्हती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एक अफाट तापणारा प्रोसेसर बांधण्याऐवजी बरेच साधे ट्रान्सप्युटर एकत्र जोडायचे, असा तो मार्ग होता. पाषाणला आयआयटीएममध्ये २०१८ साली बसलेला 'प्रत्यूष' हा क्रेच्याच एक्ससी-४० जातीचा, कपाटांत पाण्याच्या कॉइल असलेला होता. तिथून जवळच आयसरमधल्या 'परम ब्रह्म'मध्ये पाणी थेट प्रोसेसरवरच्या प्लेटपर्यंत जातं. पाऊस कधी येणार हे सांगणाऱ्या यंत्रांनाही पाणी लागतं.

इथे पप्पांचा प्रश्न परत येतो. माझ्या कॉम्प्युटरमधलं एक लिटर पाणी गोल गोल फिरतं, संपत नाही. पण मोठ्या डेटा सेंटरमधली उष्णता बऱ्याचदा कूलिंग टॉवरमध्ये नेऊन पाण्याची वाफ करून सोडतात. माठ गार होतो तेच तत्त्व. गणित सोपं आहे. एक युनिट विजेएवढी उष्णता वाफेतून घालवायला साधारण दीड लिटर पाणी लागतं. एक मेगावॅटचं केंद्र पूर्णपणे असं गार केलं तर दिवसाला ३६,००० लिटर.

हा आकडा मी मुद्दाम एका दुसऱ्या आकड्याशेजारी लिहिला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होतं. एक मेगावॅटच्या केंद्राला ते दोन आठवडेही पुरलं नसतं. वाफ न करता कोरड्या रेडिएटरवर उष्णता सोडता येते, पण मग वीज जास्त जाते. फुकट काहीच नाही.

त्या वर्षी मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बोअरचं पाणी खाली गेलं की पंप कोरडा चालतो आणि मोटर जळते. पप्पांच्या दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग लागली होती आणि घरी घागरींची. धंदा इतका चांगला कधीच झाला नव्हता. माझी त्या वर्षीची फी त्या मोटारींतून भरली गेली. हे आम्ही घरात कधी मोठ्याने बोललो नाही.

त्या रात्री मी पप्पांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की पाणी आणि वीज एकत्र ठेवणं किती अवघड असतं. ते काही बोलले नाहीत. सबमर्सिबल मोटारीच्या आत पाणीच भरलेलं असतं, तिची वाइंडिंग त्या पाण्यातच असते आणि तेच तिला गार ठेवतं. ते तीस वर्षं तेच करत आले होते. माझ्या पंपाचं बेअरिंगही त्यातून फिरणाऱ्या पाण्यावरच टिकतं, कोरडा चालवला की संपला. किटच्या माहितीपत्रकात ही सूचना ठळक अक्षरांत आहे. पप्पांनी ती मला आधीच दिली होती: "हवा काढ आधी. आन् कोरडा चालवू नको."

मशीन आता वर्षभर नीट चाललंय. मागच्या महिन्यात पाणी बदललं. पप्पा पुण्याला आले होते, बाजूला खुर्ची टाकून बसले होते. जुनं पाणी मी ड्रेन व्हॉल्व्हमधून बाटलीत काढलं. त्यात शेवाळ होऊ नये म्हणून औषध टाकलेलं असतं, म्हणून कुंडीत ओतता येत नाही.

"मग हे आता कुठं जाणार?" पप्पांनी विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. ती बाटली अजून टेबलाखालीच आहे.