नर्मदा परिक्रमा : आध्यात्मिक परिणाम

नर्मदा परिक्रमा म्हणजे नर्मदेला उजव्या हाताशी ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता दोन्ही तीरांनी पायी घातलेली प्रदक्षिणा. अमरकंटकला उगम पावून भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळणाऱ्या या नदीची लांबी सु. १,३१२ किमी. आहे. त्यामुळे चालण्याचे अंतर २,६०० किमी.च्या पुढे जाते. परंपरेने या व्रताची मुदत ३ वर्षे, ३ महिने व १३ दिवस मानली आहे. चातुर्मासात वाट बंद ठेवून एके जागी मुक्काम करण्याची चाल आहे. हल्ली पायी जाणारे बरेच जण दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून पावसाळ्यापूर्वी परिक्रमा पुरी करतात.

इतर तीर्थयात्रांत एक क्षेत्र गाठायचे असते आणि देवाचे दर्शन हा यात्रेचा कळस असतो. येथे नदी हीच देवता, आणि ती पहिल्या दिवसापासून शेजारी वाहत असते. म्हणून परिक्रमेचा परिणाम दर्शनाच्या एका क्षणावर अवलंबून नसतो. तो व्रताच्या नियमांतून, रोज थोडा थोडा, घडत जातो. नर्मदेच्या केवळ दर्शनाने पाप जाते, ही पुराणोक्त श्रद्धा सर्वत्र ऐकू येते. स्कंदपुराणाच्या रेवाखंडात तिच्या तीरावरील तीर्थांची सविस्तर वर्णने आहेत. पहिली परिक्रमा मार्कंडेय ऋषींनी केली आणि उपनद्याही न ओलांडता त्यांच्या उगमांना वळसे घातले, अशी कथा आहे.

पुष्कळ जण ओंकारेश्वरला परिक्रमा उचलतात. मुंडन, संकल्प आणि कन्यापूजन झाले की लहानशा कुपीत नर्मदाजल भरून घेतात. सकाळ-संध्याकाळ तिचीच पूजा होते. ओंकारेश्वराचे ज्योतिर्लिंग नदीतल्या मांधाता बेटावर आहे. परिक्रमा उचलली, की त्या बेटावर पाऊल ठेवता येत नाही. काठावरून शिखर दिसत असते, पण ते जल तेथे चढवायचे ते परिक्रमा संपल्यावर. दारातले तीर्थ मागे टाकून चालू लागणे हा या व्रताचा पहिलाच धडा, आणि तो सोपा नाही.

दुसरा नियम अयाचित वृत्तीचा किंवा भिक्षेचा. पैसा बाळगू नये, साठवण करू नये, मिळेल ते घ्यावे. आश्रमात पोहोचलेल्यांना ‘कितनी मूर्ती?’ असे विचारतात. म्हणजे माणसे मोजताना मूर्ती मोजल्या जातात. मग आसन लावायला जागा मिळते. कोठे तयार भोजनप्रसादी असते, कोठे सदाव्रत, म्हणजे कणीक, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. दिवसभर चालून आलेल्याने गोवऱ्या पेटवायच्या, कणीक मळायची, जाड टिक्कड भाजायचे आणि नर्मदामैयाला नैवेद्य दाखवून खायचे. आयुष्यभर दुसऱ्याला देण्याची सवय असलेल्या सुस्थित माणसाला झोळी पुढे करणे उपवासापेक्षा जड जाते. परिक्रमावासींच्या अनुभवकथनांत चमत्कारांपेक्षा हा संकोच आणि त्याचे गळून पडणे अधिक विश्वसनीय वाटते. ज्याच्या घरात स्वतःपुरतेच पीठ आहे, असा माणूस ‘नर्मदे हर’ म्हणत वाट अडवतो आणि चहा घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. त्या घरापुढे अहंकार टिकणे कठीण असते.

या दृष्टीने दक्षिण तीरावरील शूलपाणीची झाडी सर्वांत कसोटीची मानली गेली. जुन्या वर्णनांप्रमाणे तेथील भिल्ल परिक्रमावासींना लुटत आणि बहुधा लंगोटीवर सोडत. लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणत, आणि उरलीसुरली आसक्ती मैयाच काढून घेते, असा अर्थ लावला जाई. या श्रद्धेने कित्येकांना खरोखर निर्भय केले. मात्र लुटणाऱ्यांच्या दारिद्र्याचा विचार त्या अर्थात क्वचितच आला, हेही नोंदवले पाहिजे. पुढे सरदार सरोवराच्या जलाशयात याच पट्ट्यातील आदिवासी गावे बुडाली. त्यांत नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली होते आणि शूलपाणेश्वराचे मूळ मंदिरही. आजची वाट डोंगरातून वर सरकली आहे, लूट थांबली आहे, आणि विस्थापनाचे दुःख भोगलेल्या या लोकांच्या पाड्यांवर परिक्रमावासींना जेवू घातले जाते. नर्मदेच्या पावित्र्याविषयी बोलताना हे ऋण वगळणे अन्यायाचे होईल.

समुद्राशी नदी न ओलांडण्याच्या नियमाला वेगळे वळण मिळते. विमलेश्वरच्या बाजूने भरतीच्या वेळी होडी निघते आणि मुखापलीकडे, समुद्राच्या पाण्यातून, उत्तर तीरावर मिठी तलाईला लागते. नदी ओलांडली असे होत नाही. महिनोन्‌महिने पायांखाली असलेला काठ येथे काही तास दिसेनासा होतो. उत्तर तीराने अमरकंटकपर्यंत चढायचे आणि उगमाला वळसा घालून दक्षिण तीराने परतायचे.

मराठी मनाचा या नदीशी जुना संबंध आहे. वासुदेवानंद सरस्वती (टेंबे स्वामी) १९१४ साली गरुडेश्वरला समाधिस्थ झाले आणि दत्तभक्तांसाठी तो तीर वेगळ्या अर्थाने पवित्र झाला. गो. नी. दांडेकर यांनी तरुणपणी केलेल्या परिक्रमेतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ उभी राहिली. जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ वाचून घर सोडल्याचे सांगणारे मराठी परिक्रमावासी तीरावर आजही भेटतात. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड मात्र पुण्य मिळवायला गेले नाहीत. १९७७ पासून टप्प्याटप्प्याने ते चालले आणि सौंदर्याच्या ओढीनेच त्या नदीचे भक्त झाले. व्रताची चौकट न पाळताही परिणाम किती खोल जाऊ शकतो, याचे त्यांचे लेखन हे भक्कम उदाहरण आहे.

यात्रेत माणसाची नेहमीची ओळख काही काळ गळते आणि सहयात्रिकांत बरोबरीचे नाते जुळते, असे मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी मांडले. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवर भक्तीची एकरूपता अनुभवली, पण दिंडीत जातवार वेगळ्या बसणाऱ्या पंगतीही पाहिल्या. परिक्रमेतील ‘मूर्ती’ या समान ओळखीलाही हीच मर्यादा लागू आहे. वाटेवरची समता घरी टिकेल याची हमी यात्रा देत नाही.

मोटारीने किंवा बसने पंधरा-वीस दिवसांत होणारी परिक्रमा वृद्धांना आणि आजाऱ्यांना घाटांचे दर्शन घडवते, त्यांची श्रद्धाही खरी असते. परंतु तीत जेवण-मुक्काम आधी ठरलेला असल्याने अयाचित वृत्तीला वावच राहत नाही. चैत्रात गुजरातमध्ये तिलकवाडा-रामपुरा परिसरात होणारी छोटी उत्तरवाहिनी परिक्रमा पायी असते, आणि तिची गर्दी अलीकडे फार वाढली आहे.

काहींच्या बाबतीत परिक्रमा संपल्यावरच तिचे फळ दिसले. नाशिकच्या भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली. वाटेत शाळेविना राहिलेली मुले पाहून त्या पुन्हा तीरावर आल्या, आणि मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात लेपा येथे त्यांनी ग्रामीण मुलांसाठी शिक्षणाचे काम उभे केले.