अपाकचा शेरा

अंबरनाथ तालुक्यातल्या एखाद्या गावचा जुना सातबारा पाहिला, तर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ किंवा ‘अ.पा.क. चुलता’ असा शेरा आढळू शकतो. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल अठरा वर्षांचं झालं, की तलाठ्याकडे अर्ज करून शेरा कमी करायचा. पण तोवर पालनकर्ता कोण, हे ठरवायचं कोणी?

मुंबई इलाख्यात अज्ञानांसाठी 1864 साली स्वतंत्र कायदा झाला. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने त्याची जागा घेतली आणि तो आजही लागू आहे. हिंदू घरांत मात्र दीर्घकाळ बापाचा शब्द अखेरचा होता. मृत्युपत्राने तो आईला डावलूनही पालक नेमू शकत असे. आईला तसा अधिकार नव्हता.

दरम्यान फाळणी झाली. सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. 1949 साली त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी 1954 चा कायदा आला. दावेदार दगावला, तर लहान मुलंही वारस ठरत, आणि त्यांच्या वतीने सही करायला कोणीतरी मोठं माणूस लागे.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने चित्र पालटलं. बापाने मृत्युपत्रात दुसऱ्याला नेमलं, तरी आई हयात असेपर्यंत ती नेमणूक लागू होत नाही. विधवा आईलाही पालक नेमता येतो. नुसता कारभार पाहणाऱ्या नातेवाइकाला अज्ञानाची मालमत्ता विकता येत नाही. आईबापांनाही अज्ञानाच्या स्वतंत्र मालकीची जमीन विकायला न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता व्यवहार झाला, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो रद्द करून मागू शकतं. बदलापुरात शेतांच्या जागी इमारती उभ्या राहत असताना ही अट विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही गांभीर्याने घ्यायला हवी.

आईचा हक्क व्यवहारात उतरायला आणखी वेळ लागला. विदर्भातल्या जिजाबाई गजरे यांच्या अज्ञानपणी वडील वेगळे राहत होते आणि जमीन आईच पाहत होती. सर्वोच्च न्यायालयाने 1970 साली त्या आईला नैसर्गिक पालक मानलं. पुढे 1999 च्या गीता हरिहरन खटल्यात, कायद्यातल्या ‘बाप, आणि त्याच्यानंतर आई’ या शब्दांचा आईचा क्रम बापाच्या मृत्यूनंतरच लागतो, हा अर्थही न्यायालयाने नाकारला.

आज उल्हासनगर-बदलापूरच्या फ्लॅटमध्ये नवराबायको आणि एकदोन मुलं राहतात. आजीआजोबा गावी, काका दुसऱ्या शहरात. आईबाप दोघांवर एकाच वेळी काही ओढवलं, तर मुलं कोणाकडे जायची, हे बहुतेकांनी मनात ठरवलेलं असतं, लिहिलेलं नसतं. लिहिणं अवघड नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार पुरतात. नवराबायकोने आपापल्या मृत्युपत्रात एकच नाव घालावं, पर्यायी नावही द्यावं आणि त्या माणसाला आधी विचारावं. वाद झालाच, तर न्यायालय मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं. म्हणून हीच व्यक्ती का निवडली, तेही चार ओळींत नोंदवावं.