वायुदूत आणि कुलाब्याची माणसे

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रोह्याच्या आमच्या अंगणातून पंख्यांचे एक छोटे विमान पूर्वेच्या डोंगरांवरून दक्षिणेकडे जाताना दिसे. वडील म्हणत, ‘वायुदूत. कोल्हापूरला चाललंय.’ डॉर्नियर २२८च्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. त्यामुळे ते फार उंच जात नसे आणि खालून ओळखू येई.

वायुदूत जन्मली १९८१ च्या जानेवारीत, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांच्या भागीदारीतून. आरंभीचा हेतू ईशान्य भारतातली दुर्गम गावे जोडण्याचा. मात्र या कहाणीची सुरुवात मी १९५३ पासून धरतो. त्या वर्षीच्या कायद्याने आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स महामंडळ झाले. मुंबईहून काठेवाडच्या संस्थानी गावांना विमाने नेणारी एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया त्यांतलीच. खाते जगजीवनराम यांचे, पण अर्थमंत्री होते आमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख, कुलाब्याचेच खासदार! पुढे महामंडळाकडे मोठी विमाने येत गेली, तशी लहान गावे मागे पडली. ती पोकळी भरायला अठ्ठावीस वर्षांनी वायुदूत काढावी लागली.

ती बुडाली गैरकारभाराने, असे सर्रास म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. लांबचा पल्ला असो की जवळचा, उड्डाण आणि उतरणे यांचा खर्च तोच, वैमानिकही दोनच. डॉर्नियरच्या जेमतेम एकोणीस आसनांवर तो वाटायचा, आणि भाडे सरकारच्या मर्जीने ठरायचे. त्यात प्रत्येक खासदाराला आपल्या गावी विमान हवे. थांब्यांची संख्या शंभराच्या घरात गेली, प्रवासी त्या मानाने वाढले नाहीत. १९९३ मध्ये तिचा कारभार इंडियन एअरलाइन्सकडे गेला.

पेण-रोह्याला तर विमान कधीच परवडले नसते. मुंबई फार जवळ. आणि तरीही किती दूर! एका पावसाळी संध्याकाळी आजारी आजीला जीपमधून मुंबईला नेताना आम्ही वडखळ नाक्यावर दोन तास अडकलो. रेल्वे १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आली होती, पण गाड्या मोजक्याच. आजी शुद्धीवर होती. पेण आले का, एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. वडील उत्तर देत नव्हते. त्या रात्रीनंतर अंगणातून विमान दिसले, तरी त्यांनी त्याचे नाव घेतले नाही.

पुढे रोह्यापासूनच कोकण रेल्वेचे रूळ दक्षिणेकडे गेले आणि १९९८ च्या २६ जानेवारीला मंगळूरपर्यंतचा मार्ग खुला झाला. आता पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळही उभा राहिला आहे. रोह्याहून मोटारीने तिकडे जायचे, तर वाटेत वडखळ लागते.